साहेबांचं ऊन पाणी

कुठल्याही दुकानदाराला गार करायचं असेल तर त्याच्याशी भाव करत बसू नये. आमचे साहेब करायचे तसं करावं. साहेब दुकानात शिरायचे, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायचे, आणि दुकानदाराचं पुराण सुरू झालं की हात वर करून त्याला थांबवायचे.

"गुण ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात खोट काय हाय, तेवढं सांगा."

दुकानदार आधी हसायचा. मग म्हणायचा, "साहेब, खोट काहीच नाही." की साहेब वस्तू जागच्या जागी ठेवून बाहेर. बीडच्या बाजारातून मी त्यांच्याबरोबर इतक्या वेळा हात हलवत परतलोय की काही दुकानांच्या पायऱ्या मला आजही डोळे मिटून उतरता येतील. बाहेर आलो की वर मलाच ऐकवायचे, "बिनखोटीची वस्तू अन् बिनखोटीचा मानूस, दोनी आपल्या दारात नको बाबा. खोट असतीच. सांगत न्हाईत, एवढंच."

साहेब म्हणजे आमच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्राचे सुपरवायझर. गावोगावचं दूध आमच्याकडे यायचं, ते टाकीत थंड करून पुढे धाडायचं, हे आमचं काम. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी माझी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. "तुझ्यात खोट काय हाय बे?" एवढंच विचारलं. मी नवा, घाबरलेला. खरं तेच तोंडातून निसटलं. "साहेब, मला पहाटे उठवत नाही." दुधाच्या धंद्यात असं सांगणं म्हणजे गवंड्यानं मातीला हात लावणार नाही म्हणण्यासारखं. माझा चेहरा पडला. साहेब म्हणाले, "बरं झालं आताच कळलं. संध्याकाळची पाळी कर." ते निवृत्त झाले तरी माझी पाळी बदलली नाही.

लग्नाच्या वेळीही त्यांनी हेच केलं म्हणे. मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, आणि सगळ्यांच्या देखत मुलीलाच विचारलं, तुमच्यात खोट काय? मुलीचे मामा उठून उभे राहिले. मुलगी मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, "मी उलटं बोलते." साहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला. वहिनी हा किस्सा सांगताना पुढे जोडायच्या, "मी माझी खोट सांगितली. ह्यांची विचारायची ऱ्हाऊन गेली, ती अजून फेडायले."

संघाच्या निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला, त्यालाही साहेबांनी तोच प्रश्न घातला. तो भला माणूस चहा पिता पिता विचारात पडला आणि कप अर्धा ठेवून निघून गेला. पुढे निवडून आला, पण आमच्या केंद्रावर पुन्हा कधी फिरकला नाही.

एवढा चिकित्सक माणूस आयुष्यात एकाच गोष्टीपुढे हतबल होता, ती म्हणजे वीज. लाईट गेली की केंद्रातलं दूध तापायला लागायचं. जनरेटर होता, पण त्याचं डिझेल आणि त्याची मर्जी एका दिवशी जुळायची नाही. साहेब टाकीच्या पोटावर तळहात ठेवून उभे राहायचे, आजारी जनावरापाशी उभं राहावं तसे. किती वेळा दूध नासलं आणि ओढ्यात सोडावं लागलं. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

म्हणून निवृत्तीनंतर पाली गावाच्या वरच्या अंगाला, धरण दिसेल अशा माळावर त्यांनी घर बांधलं, आणि विजेचा खांब तीन शेतं अलीकडेच थांबला, तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं नाही. मधला शेतवाला तार ओढू देईना. दुसरा कुणी असता तर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत बसला असता. साहेबांनी अर्जच मागे घेतला. "जिनगानी लाईटची वाट बघण्यात गेली," म्हणाले. "आता लाईटनं मपली वाट बघावी."

छपरावर सोलरचे पत्रे बसले, आतल्या खोलीत बॅटऱ्या आल्या. दिवे आणि पंखा चालायचा. मिक्सर फक्त भर दुपारी. ढग आले की चटणी पाट्यावर. सगळं झकास चाललं होतं, आणि घोडं अडलं ते आंघोळीच्या पाण्यावर.

त्याचं असं झालं. जिच्यावर घर उभं होतं ती जमीन साहेबांच्या आईच्या कष्टाची. कागदावर नाव वडलांचं, पण घेतली होती माउलीच्या पगारातून. ऐंशीच्या पुढे गेलेली ती बाई बीडला धाकट्या मुलाकडे राहायची, दुसऱ्या मजल्यावर. बटण दाबलं की गरम पाणी. साहेबांनी घर बांधलं ते तिच्यासाठी. निदान त्यांचा तसा समज होता.

बुद्ध पौर्णिमेला गृहप्रवेश ठेवला. भंतेजी आले, वंदना झाली, खिरीचं जेवण झालं. पांढऱ्या लुगड्यातली ती बारकीशी म्हातारी घरभर फिरून भिंतींवर हात फिरवत होती. साहेब मागे मागे, बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखे. तेवढ्यात परसात वहिनींनी दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीसाठी चुलाण पेटवून बघितलं, आणि वाऱ्यानं धूर घरात आला. म्हातारी जागच्या जागी थांबली. पदर नाकाला लावला, पिशवी उचलली आणि धाकट्याला म्हणाली, "गाडी काढ."

साहेबांना कळेना. "माय, झालं काय?"

"घर झ्याक हाय. पर धुराचं हाय. मी धुराच्या घरात ऱ्हात न्हाई. नळातून ऊन पाणी यील, तवा बोलव."

मग गेलीच. त्यानंतर साहेब मला भेटले तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर निवृत्तीचं वय दिसलं. "माय न्हाई तर हे घर कशाला हाय," एवढंच म्हणाले. मग उठून माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. "चल. ऊन पाण्याचं बघू."

पुढचे काही आठवडे माझ्या पेट्रोलचं जे झालं त्याबद्दल मी बोलत नाही.

पहिला दुकानदार विजेवरचा झटपट गीझर दाखवायला लागला. साहेबांनी त्यावर लिहिलेला वॅटचा आकडा वाचला आणि हसले. "मपल्या बॅटऱ्या ह्याला अंग ओलं करण्यापुरत्या पुरतील. साबण अंधारात लावावा लागंल." दुसरा सोलरचा बंब विकणारा. म्हटलं, आता सुटलो. उन्हाचा माणूस उन्हाच्या बंबापाशी आला. पण ते वर्ष दुष्काळाचं होतं. धरणाच्या पोटात गाळ उघडा पडलेला, पाणी यायचं ते टँकरनं, आणि टँकर यायचा त्याच्या मनानं. पाहुण्याला पाणी विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली जायचा. साहेबांनी विचारलं, "ह्याची टाकी कोरडी पडली, नळ्या उन्हात तापल्या, अन् वरून गार पाणी पडलं, तर?" तो पोरगा माहितीपत्रक चाळायला लागला. साहेबांनी थांबून राहून त्याच्याकडून वदवून घेतलं की मग नळ्या तडकतात. "म्हंजी घरात प्यायला घागर न्हाई, अन् हिला मात्र रोज पोटभर पाजायचं," साहेब म्हणाले. पण पोरानं शेवटी खोट सांगितली म्हणून त्याला चहा पाजला.

वहिनी म्हणाल्या, माहेरचा तांब्याचा बंब आणू का? साहेबांनी नुसतं बघितलं. बंबाला धुराडं असतं.

"एवढं काय धुराचं?" मी एकदा वैतागून विचारलं. आम्ही परळीला निघालो होतो आणि तेलगावच्या चौकात चहाला थांबलो होतो. साहेबांनी चहा बशीत ओतला.

"माय वसतिगृहात कामाला व्हती," ते म्हणाले. "शंभरेक पोरं असू आमी. सगळ्यांचं आंघोळीचं पाणी तिच्याकडं. पहाटंपासून चुलाणावर फुंकायची. ओली लाकडं असायची, डोळे लाल व्हायचे. मीबी त्याच वळीत बादली घिऊन उभा ऱ्हायचो, लेक म्हणून पुढं घ्यायची न्हाई. सगळ्या पोरांचं झालं की तिची आंघोळ. तवर इस्तू इझलेला. नोकरीभर ती बाई गार पाण्यानं न्हालीया, थंडीतसुदिक. दुसऱ्यांचं तापवता तापवता."

चहा झाला. मी गाडीला किक मारली. त्या दिवसानंतर पेट्रोलबद्दल कुरकुर केली नाही.

परळीला, वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या जायच्या त्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. शेगड्या, कंदील, गॅसच्या नळ्या. भिंतीवर एक चपटी पांढरी पेटी टांगलेली: गॅसवर चालणारा गीझर. त्याला टाकी नसते, साठवण नसते. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. पाणी त्याच्या पोटातून जाता जाता तापतं. वीज म्हणाल तर ठिणगीपुरते दोन सेल. साहेबांनी प्रश्न टाकला. मी सवयीनं पायरीकडे वळलोच होतो.

"खोट?" म्हातारा चष्मा पुसत म्हणाला. "लई हाय साब. बंद न्हाणीत लावला तर आदमी गुपचूप मरतो. सेल संपले तर मुका बसतो. आन् पानी जोरानं आलं न्हाई तर पेटतच न्हाई, कितीबी हात जोडा."

साहेबांचा चेहरा असा उजळला की व्यापारी जरा बिचकला. "बांधा," साहेब म्हणाले. परत येताना ती पेटी मांडीवर घेऊन बसले होते, आणि रस्ताभर माझ्या कानात एकच: "तीन सांगितल्या. न विचारता तिसरी सांगितली."

आता या तीन खोटींचा बंदोबस्त. प्लंबर पेटी न्हाणीच्या आत लावायला निघाला होता. साहेबांनी त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं. पेटी बाहेरच्या भिंतीला, वळचणीखाली, मोकळ्या हवेत. तिथून न्हाणीतला नळ जेमतेम हातभर अंतरावर, म्हणजे सुरुवातीचं गार पाणी तांब्याभरच निघावं आणि तेही जपून ठेवावं. सेलची जादा जोडी डाळीच्या डब्यात. राहिला पाण्याचा जोर. त्यासाठी लोखंडी घडवंची करून टाकी छपराच्याही वर चढवली. टँकरनं खालचा हौद भरायचा, दुपारच्या उन्हात सोलरच्या पंपानं पाणी वर चढवायचं. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या उंचावर तर तुमच्या साहेबांचा मेंदूबी न्हाई."

चाचणी मी केली. नळ पुरा सोडला. बाहेर टिक टिक झालं, मग भप्प, आणि माझ्या हातावर कढत पाणी. साहेबांनी टोपी काढून त्या पेटीला चक्क नमस्कार केला. धूर नाही, लाकूड नाही, वाट बघणं नाही. संध्याकाळी त्यांनी बीडला निरोप धाडला: माय, ये.

ती आली ती पाहुणीसारखी. हातात छोटी पिशवी, आणि धाकट्याला बजावून ठेवलेलं, "थांब तू. दिस मावळायच्या आत निघू." म्हणजे परतीची गाडी दारातच उभी. साहेबांनी बादली घासूनपुसून ठेवली होती, नवा टॉवेल, नवा साबण. म्हातारी आत गेली, दार लोटलं. आम्ही बाहेर पेटीकडे बघत उभे.

टिक नाही की भप्प नाही. आतून पाण्याचा आवाजही धड येईना.

जरा वेळानं दार उघडलं. लुगडं कोरडंच. "गार हाय," म्हातारी म्हणाली.

साहेब आत धावले. नळ बघितला आणि त्यांच्या ध्यानात आलं. तिनं नळ सोडला होता, पण दुष्काळात वाढलेलं माणूस सोडतं तसा: सुतासारखी धार. आमच्याकडे कुणीच नळ पुरा सोडत नाही. लेकराला चालायच्या आधी हे शिकवतात. साहेबांनी तिसरी खोट टाकीत शोधली आणि टाकी आभाळाला नेली. ती तर आमच्या सगळ्यांच्या मनगटात बसलेली होती.

"माय, पुरा फिरव. धार मोठी कर."

"पुरा?" म्हातारीनं लेकाकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकलो. "टँकरचं पाणी हाय का तुपल्या बापाचं?"

साहेबांनी समजावलं. धार बारीक असो की मोठी, बादली तेवढीच भरणार; भरली की बंद करायचं, थेंबही जादा जात नाही. म्हातारीनं मान डोलावली. पुन्हा दार लोटलं. टिक टिक, भप्प! आम्ही सगळे हसलो. तोवर आत मनगट आपोआप फिरलं, आणि पेटी विझली. पुन्हा पेटली, पुन्हा विझली. मग नुसती सुतासारखी धार.

ती बाहेर आली तेव्हा रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं. "मला कळतंय रे," ती साहेबांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली. "हाताला कळंना. ऱ्हाऊ दे. मला गाराची सवय हाय."

साहेब ओट्यावर बसले. इतकी वर्षं मी त्यांना नासल्या दुधापाशी उभं राहिलेलं पाहिलं होतं, पण हे तोंड पाहिलं नव्हतं. वहिनींनी ताटं वाढायला घेतली. धाकट्यानं गाडी उलटी लावून ठेवली, निघायला सोपी.

मग वहिनी भाकरी थापता थापता, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "हात तर बदलत नसतोय. नळ तर बदला."

साहेब एकदम उठले आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत गेले. तिथे आमच्या शीतकरण केंद्राचं भंगार होतं, केंद्राच्या लिलावात हौसेनं घेतलेलं, आणि वहिनींच्या उलट बोलण्याचा तो कायमचा विषय. आतून आदळआपट ऐकू आली. बाहेर आले ते हातात दुधाच्या टाकीची जुनी तोटी घेऊन. ती मी हजार वेळा फिरवलेली. तिच्या दांडीला दोनच खाचा: एक बंद, एक पुरी उघडी. मध्ये दांडी थांबतच नाही, कारण दुधाला अर्धवट सोडणं आम्हाला परवडायचं नाही.

जेवणं तशीच राहिली. साहेब पाईप कापत होते, मी पाना धरत होतो, धाकटा घड्याळ बघत होता. जाड तोटी बारक्या पाईपला जोडायचा तुकडा त्याच भंगारात सापडला. ऊन कलायला लागलं तेव्हा तोटी बसली. आणि इथे साहेबांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. सरळ फिरव म्हणाले असते तर काम भागलं असतं. पण आईचा हात धरून त्यांनी तो दांडीवर ठेवला आणि म्हणाले, "माय, आधी खोट सांगतो. ही बारीक हुत न्हाई. सोडलीस तर पुरीच सुटती. तुला चालंल का बघ."

म्हातारीनं दांडी चाचपली. बादली तोटीखाली सरकवली. लेकाकडे एकदा बघितलं.

"तूच आणलीस तर बघते," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

खट्ट. टिक टिक. भप्प.

बादली भरल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, दणदणीत. आमच्यापैकी कुणीही त्या वर्षी असा आवाज ऐकला नव्हता. खट्ट, बंद. मग अंगावर पाणी घेतल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. साहेब पेटीपाशी भिंतीला कान लावून उभे. वहिनींच्या हातातली पळी तशीच वर. दाराच्या फटीतून वाफ निघत होती, पांढरी, स्वच्छ, कुणाच्या डोळ्यांना न झोंबणारी.

आतून विचारल्यासारखा आवाज आला. "आनखी एक बादली घिऊ का रे?"

भर दुष्काळात साहेबांनी भिंतीवर थाप मारली आणि ओरडले, "दोन घे, माय."

ती बाहेर आली तेव्हा चेहरा तांबूस झालेला, ओले पांढरे केस पाठीवर सोडलेले. अंगणात आलेल्या कलत्या उन्हात बाजेवर बसली आणि पंच्यानं केस झटकू लागली. धाकटा गाडीची किल्ली घेऊन पुढे आला, तर म्हणाली, "तू जा. उद्या येताना मपली लुगड्यांची पेटी आण, अन् ती निळी गोधडी." मग आमच्याकडे वळली. "मपली आंघोळ झाली. आता ज्याला करायची त्यानं करा."

वहिनी गेल्या. मग साहेब. अर्ध्या अर्ध्या बादलीवर सगळ्यांनी भागवलं. धाकटाही थांबला, तोंड पाडून का होईना, न्हाऊन मगच गेला. माझा नंबर सगळ्यांत शेवटी आला. पाणी कढत होतं.